व्याह्यांनी दिलेला मासा

नारिन गावच्या टेलिफोन खात्यात एसेनकुलने चौतीस वर्षं लाइनमनची नोकरी केली, आणि त्या चौतीस वर्षांत गावातली निम्मी भांडणं आणि बरीचशी लफडी फुकटात ऐकली. खांबावर चढायचं, तारेला चाचणीचा फोन जोडायचा आणि लाइन चालू आहे की नाही ते ऐकायचं, हे त्याचं कामच होतं. लाइन चालू असली की तिच्यावर माणसं बोलत असणारच, त्याला तो बिचारा काय करणार? पण कानात गेलेलं त्याने कधी तोंडावाटे बाहेर येऊ दिलं नाही. गावात त्याला मान होता तो याच गोष्टीसाठी.

तोटा एकच झाला. तारेवर कुणीतरी ऐकतंच आहे, ही खात्री त्याच्या हाडात मुरली. स्वतःच्या घरच्या फोनवर तो ‘बरं’, ‘हो’ आणि ‘बघू’ यापलीकडे जात नसे. धाकट्या भावाला पाच मुलींवर मुलगा झाला, तेव्हाही त्याने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला, कोट चढवला आणि दोन तास बसने जाऊन भावाला कडकडून मिठी मारली. कालिपाने, म्हणजे त्याच्या बायकोने, या स्वभावापुढे केव्हाच हात टेकले होते.

निवृत्त होताना खात्याने त्याला एक जुना कॉम्प्युटर दिला. तो बाहेरच्या खोलीत, रजयांच्या ढिगाशेजारी, भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला असे. त्याचा उपयोग एकच. एकुलती एक मुलगी आयझिरेक दोन वर्षांपूर्वी दोलोन घाटापलीकडे कोच्कोरला दिली होती. जावई तिलेक लग्नानंतर चार महिन्यांतच रशियात बांधकामावर गेला होता. सासरी फोन होता आणि सासऱ्यांचा कॉम्प्युटरही, पण दोन्ही बैठकीच्या खोलीत, फोन घड्याळाखाली. त्यावर बोलायचं म्हणजे अख्ख्या घरासमोर बोलायचं. मोबाइल तेव्हा हातावर मोजण्याइतक्यांकडे. आयझिरेक मात्र शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती आणि तिथे एक कॉम्प्युटर होता. लग्नाआधी तिने बापाला पत्रपेटी कशी उघडायची ते आठ दिवस बसून शिकवलं होतं. दर मंगळवारी तिचं पत्र येई, आणि एसेनकुल एका बोटाने, कोंबडी दाणे टिपते तसा, उत्तर टिपत बसे.

सप्टेंबरात व्याही आले. कासिमाली मोठा दणदणीत माणूस. निवा गाडीतून बटाट्यांची दोन पोती उतरवली, आणि मग खिशातून एक चकचकीत डिस्क काढली. बाजारातून आणली होती, शंभर प्रोग्रॅम एकात. म्हणाला, कॉम्प्युटरची सफाई करणारा प्रोग्रॅम आहे, तुमच्यासाठी खास घेतला. स्वतःच्या हाताने त्याने तो बसवला. पडद्याच्या कोपऱ्यात एक निळा मासा आला, शेपटी हलवू लागला आणि ‘सगळं स्वच्छ आहे’ असं सांगू लागला. कासिमालीने मांडीवर थाप मारली. एसेनकुलने आभार मानले, कालिपाने बकऱ्याच्या मांसातला मानाचा तुकडा त्याच्या ताटात ठेवला. व्याह्यांनी दिलेला गालिचा भिंतीवर लावावा लागतो, तो आवडला की नाही हा प्रश्नच नसतो. मासाही तसाच राहिला.

आठवडाभरात कॉम्प्युटरच्या अंगात आलं. पत्रपेटी उघडायला जावं तर भलतंच पान उघडे, त्यावर मोटारी आणि अर्ध्या कपड्यातल्या बायका. पान बंद केलं की दोन उघडत. एकदा शेजारचे मुल्ला चहाला बसलेले असताना एक बाई स्वतःहून पडद्यावर आली आणि हसत राहिली; कालिपाने तत्परतेने रुमाल टाकला. मग एक लाल खिडकी येऊ लागली. तिच्यावर रशियनमध्ये लिहिलेलं असे: सावधान, तुमच्यावर पाळत आहे. तुमची पत्रं कुणीतरी वाचत आहे. खाली डॉलर भरून सफाई करून घ्यायचं बटण. एसेनकुलने डॉलर भरले नाहीत, पण वाक्य त्याच्या वर्मी बसलं. चौतीस वर्षं तो जे मनात धरून होता, ते आज यंत्राने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं.

आणि नेमकं त्याच मंगळवारी आयझिरेकचं ते पत्र आलं.

तिने लिहिलं होतं की तिलेकचा चार महिने फोन नाही. त्याच्याबरोबर गेलेला एक जण परत आलाय, तो सांगतो की तिलेक तिकडे दुसऱ्या बाईबरोबर घर करून राहतो आणि आता परतणार नाही. इथे हे अजून कुणाला ठाऊक नाही. शेवटी होतं, ‘बाबा, मी घरी येऊ का? दोलोनवर बर्फ बसायच्या आत कळवा. तुम्ही ये म्हणालात तर दुसऱ्या दिवशीच्या बसने निघते.’

कालिपाने डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपले आणि म्हणाली, “लिहा ना. एकच शब्द लिहायचाय.”

एसेनकुलच्या मनात दुसरा शब्द नव्हताच. सासर सोडून आलेल्या मुलीबद्दल लोक काय बोलतात हे त्याने खांबावर बसून पुष्कळ ऐकलं होतं, आणि तरी त्याला मुलगी हवी होती. तो बसला, बोट उचललं, आणि लाल खिडकी समोर उभी राहिली. तुमची पत्रं कुणीतरी वाचत आहे. त्याचं बोट हवेतच राहिलं. सासरच्यांना कळायच्या आत हे भलत्याच कुणाच्या हाती पडलं तर? पोरीच्या अब्रूचे धिंडवडे निघतील. त्याने खिडकी बंद केली, ती पुन्हा आली. शेवटी त्याने लिहिलं की गाय बरी आहे, नदीकाठी बर्फ धरू लागलंय, आई सलाम सांगते. हे यंत्र एकदा साफ झालं की खरं उत्तर लिहू, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी त्याने कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून हातगाडीवर ठेवला आणि वेनेराकडे नेला. वेनेरा पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होती, आता जुन्या तारघरात इंटरनेटची खोली चालवत होती. तिने दिवसभर खपून पडद्यावरच्या दोन जाहिरातपट्ट्या, तो मासा आणि आणखी कसलं कसलं काढून टाकलं, आणि म्हणाली, “एसेनकुलदादा, आता वाटेल ते आत घालू नका.” त्याने मान डोलावली. घरी येऊन बघतो तर पडदा आरशासारखा लख्ख. त्याच्या जिवात जीव आला. जेवण करून लिहायला बसू म्हणाला.

जेवताना फोन वाजला. कासिमाली होता. शनिवारी नारिनला येतोय, बटाटे पोचवायचे आहेत, येऊन जाईन. आणि मासा कसा आहे?

“बरं,” एसेनकुल म्हणाला. “हो.”

फोन ठेवून त्याने पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. शनिवारी व्याही येणार आणि कोपऱ्यात मासा नाही! पोर तिथे त्या घरात, तिच्यावर हा प्रसंग, आणि आपण व्याह्यांची वस्तू उकिरड्यावर टाकलेली. त्याने कपाटातून डिस्क काढली आणि पाऊण तास झटून मासा परत बसवला. मासा शेपटी हलवून म्हणाला, सगळं स्वच्छ आहे. एसेनकुलने सुटकेचा श्वास सोडला. सकाळी लाल खिडकी हजर.

आता त्याचं डोकं पुरतं चक्रावलं. वेनेराने तर सगळं काढलं होतं, हे आलं कुठून? त्याने टेलिफोनची तार उपटून पुन्हा खोचली. कालिपाने जुनिपरची फांदी पेटवून कॉम्प्युटरभोवती धूर फिरवला, वाईट नजर असेल तर जावी म्हणून. खिडकीला त्याने खोकलासुद्धा आला नाही.

शनिवारी कासिमाली आला, माशाकडे बघून खूश झाला आणि चहाला बसला. या वेळी तो नुसता चहाची वाटी फिरवत बसला, मग कुणाकडेही न बघता म्हणाला, “कुणाला यायचं असेल तर दोलोनवर बर्फ बसायच्या आत यावं. नाही का व्याहीबुवा?”

एसेनकुलचा चहा सतरंजीवर सांडला. तिच्या पत्रातले शब्द होते ते, जसेच्या तसे. त्या पत्राबद्दल या भिंतींबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तो वाटीत बघत राहिला आणि म्हणाला, “बघू.” कासिमाली आणखी थोडा वेळ थांबला, काहीतरी बोलेल असं वाटलं, मग उठून गेला.

सोमवारी एसेनकुल यंत्र घेऊन पुन्हा वेनेराच्या दारात. तिने यंत्र उघडलं आणि कपाळाला हात लावला. “हा मासा परत कुणी घातला?”

तो म्हणाला, व्याह्यांचा आहे.

“व्याह्यांचा असो नाहीतर खानाचा. सगळी घाण हाच घेऊन येतो. तुम्ही जे टाइप करता, जे वाचता ते टिपून घेतो आणि आपल्या मालकाला पाठवतो.”

मालक म्हणजे ज्याने हा बनवला तो, असेल कुठेतरी जगाच्या पाठीवर, असंही ती पुढे म्हणाली. पण ते ऐकायला एसेनकुल तिथे होताच कुठे? त्याच्या डोक्यात तुकड्याला तुकडा जुळला होता. मासा दिला कुणी? कासिमालीने. मासा ऐकतो आणि मालकाला सांगतो. आणि कासिमालीला पत्रातले शब्द ठाऊक. सुनेवर पाळत ठेवायला हा माणूस बटाट्यांबरोबर मासा घेऊन आला!

वेनेरा मासा काढायला निघाली तर त्याने तिचा हात धरला. काढला तर कासिमालीला कळेल की आपल्याला कळलंय, आणि पोर तर त्याच्याच घरात. शहाण्या लाइनमनसारखं वागायचं त्याने ठरवलं. माशाला ऐकायचंय ना, मग ऐकवू त्याला. त्या मंगळवारी त्याने एका बोटाने लांबलचक पत्र लिहिलं: कासिमाली म्हणजे देवमाणूस, बुरुलसारखी सासू शोधून मिळायची नाही, मोठं नशीब काढलंस पोरी, असं घर सोडून कुणी कुठे जायचं म्हणेल का? गाय बरी आहे. वाचून त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. आता सासरचे पोरीला छळणार नाहीत, आणि पोर बापाला ओळखते, ती काय ते समजून घेईल.

कालिपा म्हणाली, “अहो, पण ये कधी म्हणणार?”

तो म्हणाला, थांब, आधी तिला सुरक्षित राहू दे. उद्याच्या बसने तुम्ही स्वतः जा, असं ती म्हणाली, तर तो म्हणाला, मुलीचा बाप आमंत्रणावाचून, मोकळ्या हातांनी व्याह्यांच्या दारात उभा राहिला की त्यांना दुसरं काय कळायचं राहिलं? कालिपाला यातलं काहीच पटेना, पण तिला कॉम्प्युटरही कळत नव्हता, म्हणून ती गप्प बसली. पुढच्या मंगळवारी आयझिरेकचं पत्र आलं, दोन ओळींचं. मी बरी आहे, लाकडं आली का? त्याने आणखी एक व्याह्यांची स्तुती पाठवली. मग पत्रच आलं नाही. एसेनकुल रोज लाल खिडक्या बाजूला सारून पेटीत बघे आणि भुवया चढवून बसे. पोरीला लिहू देत नाहीत, दुसरं काय!

नोव्हेंबरच्या शेवटी निवा पुन्हा दारात उभी राहिली. या वेळी कासिमालीबरोबर त्याची बायको बुरुल होती, आणि मागच्या बाजूला पाय बांधलेली जिवंत मेंढी. विहीणबाई मेंढीसकट आल्या म्हणजे गोष्ट साधी नाही. कालिपाने नवऱ्याच्या कानात सांगितलं, जपून बोला. पण एसेनकुलचा राग दीड महिना आत कोंडलेला. पाहुणे नीट टेकलेही नव्हते, रोटी अजून मोडायची होती, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा आडपडदा न ठेवता तोंड उघडलं.

“व्याहीबुवा, आमच्या घरची पत्रं तुम्ही का वाचता?”

कासिमालीने इकडे तिकडे पाहिलं, जणू हे दुसऱ्याच कुणाला विचारलंय. “कुठली पत्रं?”

“तो मासा. तो टिपतो आणि तुम्हाला कळवतो. दोलोनवर बर्फ बसायच्या आत, हे माझ्या मुलीचे शब्द होते.”

कासिमाली माशाकडे बघत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ. म्हणाला, “अहो, हा तर आमच्या कॉम्प्युटरवरही आहे. त्या बायकासुद्धा येतात. मला वाटलं, कॉम्प्युटर जुना झाला की असंच होतं. मी सुनेसमोर तो उघडतच नाही लाजेनं.”

“मग ते शब्द?”

उत्तर बुरुलने दिलं. ती बारीक आवाजात बोलणारी बाई होती. म्हणाली, “ते मला आयझिरेकने सांगितले. ऑक्टोबरातच. रडत होती. म्हणाली, आई, मी माझ्या बाबांना विचारलं, घरी येऊ का, आणि बाबांनी गायीचं लिहिलं.”

कासिमाली म्हणाला, “म्हणून तर मी मुद्दाम आलो त्या शनिवारी. म्हटलं, आपण कसं तोंड उघडून सांगायचं, मुलगा आमचा, लाज आमची. तेच शब्द टाकले. तुम्ही नुसतं म्हणाला असतात की पाठवा पोरीला, तर मी स्वतः आणून सोडली असती. तुम्ही वाटीत बघत बसलात. आणि मग तुमची ती पत्रं. तिने वाचून दाखवली आम्हाला. मी देवमाणूस आणि काय काय.” तो मान खाली घालून म्हणाला, “आम्हालाच ऐकवेना.”

“दुसरं पत्र आलं त्या दिवशी तिने मला विचारलं,” बुरुल म्हणाली, “आई, माझ्या बाबांचं दार बंद आहे, मी इथे राहू का? मी म्हटलं, विचारायचं असतं का हे? तिलेकला आम्ही कळवलंय की या घरात आता त्याला जागा नाही. आयझिरेक आता आमची मुलगी. हेच सांगायला आलो, मेंढी घेऊन, रीतीप्रमाणे.”

एसेनकुलला वाटलं, कासिमालीने खरोखर पत्रं वाचली असती तर किती बरं झालं असतं. मग निदान दोष देता आला असता. जो ऐकतच नव्हता त्याच्यापासून लपवता लपवता त्याने ऐकणाऱ्या पोरीलाच ऐकू दिलं नव्हतं. त्याची त्याला इतकी लाज वाटली की तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कालिपा मोठ्याने रडत होती.

मग त्याने कोट घेतला. कासिमाली म्हणाला, मेंढी तरी कापू द्या, जेवू, उद्या जाऊ. एसेनकुल म्हणाला, आत्ता. चौघंही निवा गाडीत बसली. घाटात बर्फ होतं, पण रस्ता चालू होता. तीन तास एसेनकुल काय बोलायचं ते जुळवत होता आणि प्रत्येक वळणावर ते विसरत होता.

कोच्कोरला अंगणात आयझिरेक सरपण वेचत होती. तिने आईला मिठी मारली, मग बापाला. आत गेल्यावर पटकन दोन गाद्या आणल्या आणि दारासमोरच्या भिंतीशी, पाहुण्यांच्या मानाच्या जागी घातल्या. “बसा बाबा,” म्हणाली, आणि स्वतः सासूजवळ, चहाच्या समोवारापाशी, घरच्या बाईच्या जागी बसली.

“आयझिरेक,” एसेनकुल म्हणाला, “मला ये म्हणायचं होतं. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, कुणीतरी वाचतंय.”

सगळं घर ऐकत होतं. घड्याळाखालच्या फोनजवळ धाकटा दीरही येऊन उभा राहिला होता.

“वाचलं असतं कुणी,” ती म्हणाली, “तर काय झालं असतं बाबा? एवढंच ना कळलं असतं, की माझ्या बापाला मी हवी आहे.”

तो म्हणाला, “आता म्हणतो. ये घरी.”

“वसंतात येईन,” ती म्हणाली. “पंधरा दिवस राहीन.” आणि तिने त्याच्या वाटीत चहा ओतला, अर्धीच वाटी, पाहुण्याला ओततात तसा.